अ‍ॅब्लेशन करून घेऊ की गोळ्यांवरच राहू?

डॉक्टर, सा. न. वि. वि.

मी ६६ वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तीन वर्षांपासून मला एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा आजार आहे. महिन्यातून तीन-चार वेळा छातीत फडफड सुरू होते आणि सात-आठ तास थांबत नाही. तेव्हा जिना चढवत नाही, डोकं हलकं होतं. एकदा करी रोडच्या पुलावरच बसावं लागलं, तेव्हापासून ट्रेन सोडली. गुरुवारचं भजनी मंडळही सोडलं, मध्येच सुरू झालं तर सगळ्यांची पंचाईत. बीपीची गोळी, मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारी अ‍ॅपिक्सबॅन दोन वेळा घेते. तिच्यामुळे हातापायांवर काळेनिळे डाग पडतात, म्हणून रात्रीची कधी कधी टाळते. ठोके ताळ्यावर ठेवणारी आणखी एक गोळी देऊन झाली, फरक पडला नाही. इकोत झडपा ठीक आहेत, डावा वरचा कप्पा थोडा मोठा आहे. मधुमेह नाही. वजन ७८ किलो, बीपी १५०/९० च्या आसपास. आता डॉक्टर म्हणतात, अ‍ॅमिओडॅरोन ही ठोक्यांवरची ताकदवान गोळी सुरू करू किंवा हृदयात तारा घालून बिघडलेली जागा निकामी करायचं अ‍ॅब्लेशन करा, ठरवा. पुण्याचा मुलगा म्हणतो, करून टाक. दादरची बहीण म्हणते, हृदयाला डाग देऊन घेऊ नकोस. शेजारच्या सुनेचं अ‍ॅब्लेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी आली, आज एकही गोळी नाही. मग मलाच ‘दहापैकी सात जणांनाच गुण येतो’ असं का सांगतात? निदान ही रक्ताची गोळी तरी सुटेल का? आणि या वयात करावं का?

— एक वाचक, लालबाग

बाई, अ‍ॅब्लेशनकडे मी येतेच, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य त्याहून तातडीचं आहे. रात्रीची गोळी कधी कधी टाळता, असं तुम्ही लिहिलंय. आजपासून टाळू नका. अ‍ॅपिक्सबॅनचा परिणाम साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो, म्हणूनच ती दोन वेळा देतात. एक गोळी चुकली की ती रात्र उघडी पडते. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्या माणसाला हा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो.

डागांचं म्हणाल, तर त्वचेवरचे काळेनिळे डाग दिसायला वाईट असले तरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. शौचाला काळं होणं, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागणं, यातलं काही झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि एक विचारते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून एखादी पेनकिलर आणून घेता का? तुमच्या वयाच्या बायकांत हे इतकं सर्रास आहे की न विचारता राहवत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या अ‍ॅपिक्सबॅनबरोबर घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रक्ताची गोळी कमी-जास्त करायची असेल तर ती त्यांनीच करायची, किडनीची तपासणी पाहून. तिच्या जागी इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) घेतली की झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एएफमधला लकवा टाळायला ती पुरेशी नाही.

आता तुमचा रक्ताच्या गोळीचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर पुढचा सगळा विचार उभा आहे. अ‍ॅब्लेशन यशस्वी झालं तर रक्ताची गोळी सुटेल का? ती सुटेल असं धरून चालू नका. ही गोळी कुणाला लागते हे ‘चाड्स-व्हास्क’ नावाच्या गुणांवरून ठरवतात. वय ६५ ते ७४ असेल तर एक गुण, ७५ नंतर दोन, बीपीचा एक, मधुमेहाचा एक, हार्ट फेल्युअरचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन. स्त्री असल्याचा एक गुण पूर्वी धरत; २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो काढला. तो धरला तर तुमचे तीन होतात, काढला तर दोन, आणि दोन्ही हिशेबांनी गोळी हवीच. अ‍ॅब्लेशननं फडफड थांबली तरी तुमचं वय आणि बीपी तिथेच राहणार. प्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन महिने तर ती प्रत्येकालाच घ्यावी लागते. २०२५ साली दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात, अ‍ॅब्लेशननंतर किमान वर्षभर एएफ परत न आलेल्या निवडक रुग्णांची गोळी थांबवून पाहिली, आणि त्यांचं वाईट झालं नाही. उद्या कदाचित तुमचे डॉक्टरही तशी चर्चा करतील. पण आज केवळ गोळी सुटावी म्हणून हृदयात तारा घालून घेणार असाल, तर मी नको म्हणेन.

म्हणजे इथे दोन वेगळे निर्णय आहेत आणि घरात सगळेच त्यांची गल्लत करताहेत. लकव्यापासून बचाव हा एक. तो रक्ताच्या गोळीनं आणि बीपी ताब्यात ठेवून होतो, आणि तो निर्णय झालेलाच आहे. फडफडीपासून सुटका हा दुसरा. अ‍ॅब्लेशन या दुसऱ्यासाठी आहे. भीती पहिल्याची वाटते म्हणून दुसऱ्यावर घाईनं उपाय करायचा, हे मी फार घरांत पाहते.

शेजारच्या सुनेबद्दल. तरुण मुलगी, एक दिवस हॉस्पिटल आणि पुढे एकही गोळी नाही, यावरून तिला बहुधा एसव्हीटी असावा. तिच्या फाइलवर लिहिलेलं असेल, बघा. एसव्हीटीत हृदयात विजेची एखादी जास्तीची वाट असते आणि ठोके त्या वाटेनं गोल गोल फिरत राहतात. ती नेमकी जागा सापडली आणि जाळली की बहुतेकांचा प्रश्न कायमचा मिटतो. शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास यश मिळतं. तुमच्या आजारात अशी एकच वाट नसते. साठ मुलांचा वर्ग एकदम ओरडायला लागलेला तुम्ही पाहिला आहे. कोण काय म्हणतंय ते कळत नाही आणि दारातल्या शिपायाला ऐकू येईल तेवढंच तो पुढे सांगतो. वरच्या कप्प्यांत असा गोंगाट असतो, आणि खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काही ठोके अनियमित पोचतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या गोंगाटाची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. आजचं अ‍ॅब्लेशन त्यावरच उभं आहे. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून पलीकडे जातात आणि त्या शिरांच्या तोंडांभोवती उष्णतेनं, थंडीनं किंवा आता नव्या विद्युत-स्पंदनांच्या तंत्रानं एक कडं तयार करतात, म्हणजे ठिणगी आत येत नाही. छाती उघडत नाहीत, छातीवर टाके नसतात. नाव एकच असलं तरी सुनेचं अ‍ॅब्लेशन आणि तुमचं अ‍ॅब्लेशन ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं जास्त वेळाचं, जास्त जोखमीचं, आणि यशाची खात्री कमी.

दहापैकी सात हा आकडा तुमच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितला आहे. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये एका अ‍ॅब्लेशननंतर वर्षभरात साधारण तेवढ्यांना त्रास राहत नाही. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. कॅनडातला २०२१ चा एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात ३०३ रुग्ण होते. काहींना थेट अ‍ॅब्लेशन, बाकीच्यांना ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या, आणि सगळ्यांच्या त्वचेखाली ठोके टिपणारं यंत्र. वर्षभरात त्या यंत्रावर अ‍ॅब्लेशन झालेल्यांपैकी ४३ टक्क्यांत पुन्हा काही ना काही दिसलं, गोळ्यांवाल्यांत ६८ टक्क्यांत. यंत्र अर्ध्या मिनिटाचीही गडबड मोजतं. माणसाला स्वतःला जाणवेल असा त्रास मात्र अ‍ॅब्लेशननंतर ११ टक्क्यांना झाला आणि गोळ्यांवर २६ टक्क्यांना. ते रुग्ण तुमच्यापेक्षा थोडे आधीच्या टप्प्यावरचे होते, तरी चित्र कळतं. पूर्ण बरं झालं असं म्हणता येत नाही, पण जगण्यातला त्रास बराच कमी होतो.

अ‍ॅब्लेशननं आयुष्य वाढतं का? हृदयाची ताकद कमी झालेल्या काही रुग्णांत त्याचा पुरावा आहे. तुमच्यासारख्या, पंपिंग चांगलं असलेल्यांत तसं सिद्ध झालेलं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,२०४ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात मृत्यू, लकवा, मोठा रक्तस्राव या सगळ्यांच्या एकत्रित हिशेबात अ‍ॅब्लेशन आणि गोळ्या यांत ठोस फरक निघाला नाही. रोजचं जगणं मात्र अ‍ॅब्लेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. मुलानं ‘करून टाक’ म्हणताना हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं. तुम्ही नको म्हणालात तर आईनं जीव धोक्यात घातला, असं होत नाही.

आणि दादरच्या ताईंची भीती अगदीच अनाठायी नाही. अनुभवी हातांतसुद्धा शंभरात दोन-तीन जणांना काही गंभीर होऊ शकतं. सगळ्यात जास्त जांघेत रक्त साकळणं. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साठणं शंभरात एकाच्या आसपास. त्यासाठी लगेच नळी घालावी लागते. लकवा शंभरात एकाहून कमी. मृत्यू हजारात एक किंवा त्याहूनही कमी. ताईंना हे आकडे दाखवा, लपवू नका. त्यांच्या मनातलं चित्र याहून भयंकर असणार.

अ‍ॅमिओडॅरोन ठोक्यांवरची ताकदवान गोळी आहे आणि काही रुग्णांना तिच्याशिवाय पर्याय नसतो. पण तिच्यात आयोडीन भरपूर असतं, ती शरीरात महिनोन् महिने साठून राहते, थायरॉइड बिघडवू शकते, यकृताला आणि फुप्फुसांना त्रास देऊ शकते, आणि उन्हात त्वचा भाजते. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या लागतात. ६६ व्या वर्षी, चांगल्या हृदयात, पुढची पंधरा-वीस वर्षं ती चालू ठेवायची हा विचार मला पटत नाही. अ‍ॅब्लेशन होईपर्यंतचे काही महिने आधार म्हणून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

मग माझं मत काय? तुमच्या पत्रात आजारापेक्षा जास्त मला बंद झालेल्या गोष्टी दिसल्या. ट्रेन सोडली, भजन सोडलं. महिन्यातून तीन-चार वेळा सात-आठ तास म्हणजे हा आजार तुमचं जगणं खातो आहे, आणि एक गोळी वापरूनही तो थांबलेला नाही. कप्पा थोडाच मोठा झाला आहे, झडपा चांगल्या आहेत, फडफड अजून आपोआप थांबते. अ‍ॅब्लेशनचा फायदा होण्याची शक्यता ज्यांच्यात चांगली, त्यांत तुम्ही बसता. ६६ वय आड येत नाही. मी तुमच्या जागी असते तर करून घेतलं असतं. मात्र या महिन्यात नाही.

आधी तीन महिने तयारीला द्या, आणि ही तयारी अर्धा उपचारच आहे. बीपी १५०/९० ठेवून अ‍ॅब्लेशन करणं म्हणजे एएफला परत यायला दार उघडं ठेवणं. ते १३०/८० च्या खाली आणायला औषध बदलून मागा. लोणचं, पापड, फरसाण कमी करा. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे रात्री सोबत असणाऱ्या कुणाला तरी विचारा. शंका असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, ती आता घरीही होते. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं एएफ फार चिवट असतं. थायरॉइड तपासला नसेल तर तपासा. आणि वजन. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की जास्त वजन असलेल्या ज्या एएफ रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांच्यात एएफपासून सुटका होण्याची शक्यता बाकीच्यांच्या सुमारे सहापट होती. तुमच्यासाठी दहा टक्के म्हणजे आठ किलो. तीन महिन्यांत आठ उतरणार नाहीत, तीन-चार उतरले तरी सुरुवात झाली. कुणाला या तयारीतच इतकं बरं वाटतं की अ‍ॅब्लेशनची गरज उरत नाही. तुमच्या बाबतीत तसं झालं तर मला आनंदच होईल. पण तीन महिन्यांची तीन वर्षं होऊ देऊ नका. एएफ जितकं जास्त काळ चालतं तितकं मुरतं, आणि एकदा ते कायमचं बसलं की अ‍ॅब्लेशनचं यश उतरतं.

या काळात फडफड सुरू असतानाचा ईसीजी एकदा तरी काढून ठेवा. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये काढला तरी चालेल. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या.

डॉक्टर निवडताना हे काम अँजिओप्लास्टी करणाऱ्यांचं नसून इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टचं, म्हणजे ठोक्यांच्या बिघाडाच्या तज्ज्ञाचं आहे, हे लक्षात ठेवा. त्यांना विचारा, एएफचं अ‍ॅब्लेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता? एसव्हीटीचे आकडे त्यात नकोत. त्याच इमारतीत हृदयशस्त्रक्रियेची टीम आहे का? कॅथेटर नवीन असेल का? परत करावं लागलं तर खर्च किती? हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर दुसरं मत घ्या. तुमच्या घरापासून परळ चालण्याच्या अंतरावर आहे, इतकी मोठी हृदयरोग केंद्रं जवळ असणं हे नशीब थोड्यांना मिळतं.

पैशांचं लिहिलं नाहीत, पण तो विचार मनात असणारच. खासगी हॉस्पिटलात हे काही लाखांचं काम आहे आणि त्यात कॅथेटरांचा वाटा मोठा असतो. अंदाजपत्रक लेखी घ्या, कॅथेटरांसकट. मेडिक्लेम असेल तर आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा मुदत संपली का ते बघा. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानं ती ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादाही वाचा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर कंपनी अनेकदा बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात करते. पॉलिसी नसेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमची प्रक्रिया बसते का ते विचारा, आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांतही चौकशी करा.

आता चाळीतलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘आठवडाभर जड उचलू नका’ एवढंच छापलेलं असतं. तुमच्याकडे त्याचा अर्थ असा की सकाळचं पाणी दुसऱ्या कुणीतरी भरायचं. बादली, हंडा, काहीच उचलायचं नाही, कारण जांघेतली शीर भरून यायला वेळ लागतो. उकिडवं बसणंही सुरुवातीचे दिवस टाळायचं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ती आधीच आणून ठेवा. तीन मजले एकदाच चढायचे, प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि मग चार-पाच दिवस खाली उतरायचं कामच ठेवायचं नाही. मुलानं त्या आठवड्यात रजा घ्यावी. ‘करून टाक’ म्हणणाऱ्यावर एवढी जबाबदारी येतेच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून फडफड झाली तर फसलं म्हणून रडत बसू नका. त्या काळात आतला भाग भरून येत असतो आणि तेव्हाचे ठोके निकालात धरत नाहीत.

एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. अ‍ॅब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर ज्यांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांनाच आधी फोन. डाव्या कप्प्याच्या लगेच मागे अन्ननलिका असते. क्वचित, अगदी क्वचित, तिला इजा होऊन आठवड्यांनी छिद्र पडतं आणि ते जीवघेणं असतं. मुंबईत ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो असा विचार होतो आणि चार दिवस त्यातच जातात. फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा की माझं अ‍ॅब्लेशन झालं आहे. अशा वेळी घशातून दुर्बीण घालायची नसते, आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, शुद्ध हरपणं यांत कुणाची वाट न पाहता १०८.

पुढच्या भेटीला दादरच्या ताईंना सोबत न्या आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या; मुलाला फोनच्या स्पीकरवर घ्या. एकदा तिघांनी एकच उत्तर एकत्र ऐकलं की घरातली निम्मी ओढाताण थांबेल. तयारीचे तीन महिने झाल्यावर तारीख घ्यायची ठरली तर गणपतीच्या आसपासची घेऊ नका. त्या दिवसांत लालबागचे रस्ते माणसांनी भरलेले असतात, आणि तुम्हाला पहिले काही आठवडे गाडी दारापर्यंत येणारा रस्ता मोकळा हवा. अनंत चतुर्दशीनंतरची तारीख मागा.